पेरायचं की थांबायचं? फांद्या काढून केलेला हिशेब

मृग लागला, एक बरी सर येऊन गेली, काळ्या रानात चार बोटं ओल उतरली, की मराठवाड्यात आणि विदर्भात घरोघरी एकच चर्चा सुरू होते: आता पेरायचं की अजून थांबायचं? सोयाबीन घेणाऱ्यासाठी हा प्रश्न फार महागात पडणारा आहे. पेरलं आणि पावसाने दडी मारली, तर उगवलेली कोवळी रोपं माना टाकतात आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. थांबलं आणि पाऊस लागूनच राहिला, तर वाफसा (पाय न रुतता पेरता येईल एवढीच ओल) मिळत नाही आणि हंगाम मागे सरकतो. कृषी विभाग दर वर्षी सांगतो की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची घाई करू नका. सल्ला चांगलाच आहे. पण तो का चांगला आहे, कोणाला तंतोतंत लागू पडतो आणि कोणाला तो थोडा सैल करता येतो, हे कळायला संभाव्यतेचं गणित लागतं. ते गणित दहावीच्या पलीकडचं नाही.

दहावीच्या गणित भाग १ मध्ये संभाव्यतेचं प्रकरण आहे. नाणी, फासे, पत्ते, पेटीतले रंगीत चेंडू. मुलं ते गुणांपुरतं करतात आणि परीक्षा झाली की सोडून देतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न जूनच्या दोन आठवड्यांवर ठरतं, त्या घरात हे प्रकरण रोजच्या वापरात असायला हवं. फाशाऐवजी पाऊस घ्यायचा आणि गुणांऐवजी रुपये, एवढाच काय तो फरक.

आधी कागदावर काय काढायचं ते पाहू. डाव्या बाजूला एक छोटा चौकोन काढा. चौकोन म्हणजे जिथे निर्णय आपल्या हातात आहे ती जागा. त्यातून दोन रेघा काढा: ‘आज पेरतो’ आणि ‘थांबतो’. प्रत्येक रेघेच्या शेवटी एक गोल. गोल म्हणजे जिथे निर्णय आपला नाही, निसर्गाचा किंवा नशिबाचा आहे. गोलातून जेवढ्या गोष्टी घडू शकतात तेवढ्या फांद्या काढायच्या आणि प्रत्येक फांदीवर ती घडण्याची शक्यता टक्क्यांत लिहायची. एका गोलातून निघालेल्या फांद्यांची बेरीज १०० भरलीच पाहिजे. भरली नाही तर एखादी शक्यता लिहायची राहिली, असं समजायचं. शेवटच्या टोकावर हातात काय पडतं ते रुपयांत लिहायचं. फांद्या फुटत जाणाऱ्या या आकृतीला आपण झाड म्हणू.

चौकोन आणि गोल वेगळे काढायचा आग्रह मी धरतो, कारण माणसांची गल्लत नेमकी तिथेच होते. ‘यंदा लवकर पेरणी साधली’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात पेरणीचा निर्णय आपला असतो आणि साधणं पावसाचं. दोन्ही एकाच रेघेवर लिहिलं, की गेल्या वर्षी पाऊस आला म्हणून निर्णय बरोबर ठरतो आणि यंदा आला नाही म्हणून चूक. निर्णय कसा होता हे त्या दिवशी हातात काय माहिती होती त्यावर ठरवावं लागतं.

आता आकडे घालू. एक एकर रान घेऊ. सगळे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत, तुमच्या रानाचे तुम्ही घाला. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण बाजारात हातात पडणारा भाव त्याहून कमी असू शकतो म्हणून मी ४,५०० धरतो. वेळेवर पेरलं आणि पाऊस साथीला राहिला तर ८ क्विंटल, आठ-दहा दिवस उशीर झाला तर साडेसात आणि पेरणी जुलैत गेली तर साडेसहा. दुबार पेरणीचा खर्च असा: ३० किलो बियाणं ३,००० रुपये, ट्रॅक्टरची पेरणी १,००० आणि मोडलेलं रान नीट करायला कुळवाची पाळी ५००. एकूण ४,५००.

नांगरट, खत, तणनाशक, फवारण्या, काढणी, मळणी हे मी मुद्दाम लिहिलेलं नाही. जो खर्च सगळ्या टोकांना जवळपास सारखाच येतो तो झाडातून काढून टाकायचा. पहिल्या पेरणीचा खर्चसुद्धा दोन्हीकडे आहे, म्हणून तोही बाहेर. यामुळे आकृती एका वहीच्या पानावर मावते आणि डोळ्यांसमोर फक्त फरक राहतो.

आज पेरतो:
— आठ दिवसांत पाऊस आला: ८ क्विंटल, ३६,००० रुपये
— पाऊस आला नाही, दुबार पेरणी: साडेसहा क्विंटलचे २९,२५०, त्यातून ४,५०० वजा, उरले २४,७५० रुपये

थांबतो:
— आठ दिवसांत पाऊस आला, मग पेरलं: साडेसात क्विंटल, ३३,७५० रुपये
— पाऊस आला नाही, जुलैत पेरलं: साडेसहा क्विंटल, २९,२५० रुपये

समजा आठ दिवसांत चांगला पाऊस येण्याची शक्यता ६० टक्के आहे. मग प्रत्येक टोकाच्या रुपयांना त्याच्या शक्यतेने गुणायचं आणि बेरीज करायची. ‘आज पेरतो’ची बेरीज: ३६,०००चे ६० टक्के म्हणजे २१,६०० आणि २४,७५०चे ४० टक्के म्हणजे ९,९००. एकूण ३१,५००. ‘थांबतो’ची: २०,२५० अधिक ११,७००, म्हणजे ३१,९५०. थांबणं साडेचारशे रुपयांनी बरं.

या ३१,५०० रुपयांचा अर्थ काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. हा आकडा कुठल्याच वर्षी हातात पडणार नाही. हातात पडतील ते ३६,००० तरी किंवा २४,७५० तरी. असाच जून पुन्हा पुन्हा आला आणि तुम्ही दर वेळी हाच निर्णय घेतला, तर दर वर्षी सरासरी एवढे पडतील. याला अपेक्षित मूल्य म्हणतात. १६५४ साली पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी जुगाराचा अर्धवट राहिलेला डाव कसा वाटून घ्यावा यावर पत्रव्यवहार केला, त्यातून ही कल्पना आली आणि १६५७ मध्ये हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने ती पद्धतशीर मांडली. जुगारासाठी निघालेलं गणित आहे खरं, पण त्याची गरज जुगाऱ्यापेक्षा संसार चालवणाऱ्याला जास्त आहे.

इथे लोक हमखास विचारतात, की ६० टक्के कुठून आणले? पाऊस काय सांगून येतो? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर हेच, की तो आकडा अचूक माहीत असण्याची गरजच नसते. वरच्या झाडाकडे पुन्हा बघा. पाऊस आला तर आज पेरणारा २,२५० रुपये पुढे राहतो. नाही आला तर ४,५०० रुपये मागे पडतो. तोटा फायद्याच्या दुप्पट आहे. म्हणजे पाऊस येण्याची शक्यता न येण्याच्या शक्यतेच्या निदान दुप्पट असेल तरच आज पेरणं परवडतं. तिनात दोन, साधारण ६७ टक्के. तोट्याला तोटा अधिक फायदा यांच्या बेरजेने भागलं की हा उंबरठा मिळतो: ४,५०० भागिले ६,७५०.

आता प्रश्न किती सोपा झाला बघा. ‘पावसाची शक्यता नक्की किती?’ असं विचारायचं नाही. ‘तिनात दोनच्या वर आहे की खाली?’ एवढंच विचारायचं. ५५ आहे की ६० यावर घरात वाद घालायला नको, दोन्ही उंबरठ्याच्या खालीच आहेत. वाद घालायचा तो आकडा उंबरठ्याच्या आसपास असेल तेव्हा, आणि तेव्हा दोन्ही निर्णयांत सरासरीचा फरक तसाही थोडाच असतो. मला या सगळ्या गणितातली ही सर्वांत दिलासा देणारी गोष्ट वाटते.

तरी अंदाज कुठून तरी घ्यावा लागतोच. एक जागा म्हणजे हवामान अंदाज. जिल्हानिहाय कृषी हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मराठवाड्यासाठी तो परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून येतो आणि त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. तो वाचताना एक काळजी घ्या. ‘तुरळक ठिकाणी पाऊस’ याचा हवामान खात्याच्या भाषेत ठरलेला अर्थ आहे: त्या भागातल्या पाऊस मोजणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर पाऊस. चार गावांत मिळून एखादं. ‘तुरळक’ ऐकून पेरणारा माणूस २५ टक्क्यांवर पेरतोय आणि त्याचा उंबरठा ६७ आहे. ‘अंदाज चुकला’ म्हणून आपण जे बोलतो त्यात पुष्कळदा अंदाज चुकलेला नसतो, शब्दाचा तोल आपण चुकीचा धरलेला असतो.

दुसरी जागा म्हणजे जुन्या नोंदी. महसूल मंडळाच्या (तालुक्यातल्या काही गावांच्या गटाच्या) पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं आहेत, तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या नोंदी तर त्याहून जुन्या. त्यातून अशी वर्षं निवडायची ज्यांत जूनच्या मध्यापर्यंत चाळीस-पन्नास मिलिमीटर पडला होता, आणि पुढच्या आठ दिवसांत त्यांपैकी किती वर्षी चांगला पाऊस झाला ते मोजायचं. समजा अशी चौदा वर्षं सापडली आणि आठ वर्षी पाऊस आला, तर ५७ टक्के. फक्त चौदाच वर्षं असल्याने खरा आकडा पंचेचाळीसही असू शकतो, सत्तरही. पण वडीलधारी माणसं ‘मृगाचा पाऊस दगा देत नाही’ म्हणतात आणि शेजारी ‘देतोच’ म्हणतो, त्या दोघांपेक्षा चौदातले आठ जास्त भरवशाचे.

आता झाडाला आणखी एक फांदी जोडू, कारण वरचं झाड थांबणाऱ्याला जरा झुकतं माप देतं. थांबलं आणि पाऊस आला तरी लगेच पेरता येईलच असं नाही. काळ्या जमिनीत पाऊस लागून राहिला तर पाय रुततो, ट्रॅक्टर आत जात नाही. समजा पाऊस आल्यावर वेळेत वाफसा मिळण्याची शक्यता ८० टक्के आहे आणि न मिळण्याची २०. न मिळाला तर पेरणी जुलैत जाते, म्हणजे २९,२५०.

एकामागून एक येणाऱ्या फांद्यांच्या शक्यतांचा गुणाकार करतात. पाऊस येणं ६० टक्के आणि त्यानंतर वाफसा मिळणं ८० टक्के, तर दोन्ही घडणं ४८ टक्के. पाऊस येऊन वाफसा न मिळणं १२ टक्के. पाऊसच न येणं ४०. बेरीज १००, म्हणजे काही सुटलेलं नाही. ‘थांबतो’चा नवा हिशेब: ३३,७५०चे ४८ टक्के १६,२००, उरलेल्या दोन टोकांचे ३,५१० आणि ११,७००. एकूण ३१,४१०. ‘आज पेरतो’ होतं ३१,५००. साडेचारशे रुपयांचा फरक गेला आणि पारडी जवळपास बरोबरीत आली. उंबरठाही ६७ वरून ५९ वर उतरला. ज्याची जमीन भारी, पाणी धरून ठेवणारी आहे त्याने हा बदल लक्षात घ्यावा. ७५ ते १०० मिलिमीटरच्या सल्ल्याकडे तो पाठ फिरवत नाही, त्याच्या रानात थांबण्यालाही किंमत आहे एवढंच तो ओळखतो.

गुणाकाराबद्दल एक धोक्याची सूचना. दुसऱ्या फांदीवरची शक्यता नेहमी पहिली गोष्ट घडली असं धरून लिहायची. एक आठवडा कोरडा जाण्याची शक्यता ४० टक्के असेल, तर लागोपाठ दोन आठवडे कोरडे जाण्याची ४० गुणिले ४०, म्हणजे १६ टक्के, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नाण्याला मागचा कौल आठवत नाही. पावसाचं तसं नसतं. एकदा खंड पडला की तो रेंगाळतो. ऑगस्ट २०२३ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला, तो काही एकेका आठवड्याच्या सुट्या दुर्दैवाने नव्हे. एल निनोसारखी मोठी कारणं आठवड्यामागून आठवडे एकाच दिशेने ओढत असतात. पहिला आठवडा कोरडा गेल्यावर दुसराही कोरडा जाण्याची शक्यता ६० धरली, तर दोन्ही मिळून २४ टक्के होतात. सोळाच्या दीडपट. सुट्या सुट्या घटना समजून केलेला गुणाकार अशा वेळी संकट लहान करून दाखवतो आणि नुकसान होतं ते तिथेच.

दोन्ही सरासरी जवळजवळ सारख्या आल्या तर मग ठरवायचं कशावर? इथे टोकांकडे बघायचं. आज पेरणाऱ्याचं सर्वांत वाईट टोक २४,७५० रुपयांचं आहे, थांबणाऱ्याचं २९,२५०. शिवाय दुबार पेरणीचे ४,५०० रुपये जूनअखेर रोख काढावे लागतात, जेव्हा घरात पैसा नसतो, शाळेच्या वह्या-पुस्तकांचा खर्च आलेला असतो आणि सोसायटीचं कर्ज उचलून झालेलं असतं. पाच एकरांना हाच आकडा साडेबावीस हजार होतो. ज्याला तो पैसा सावकाराकडून आणावा लागेल त्याच्या झाडात दुबार पेरणीच्या टोकावर व्याजही लिहावं लागेल, आणि त्याचा उंबरठा ५९ वरून पुन्हा वर चढेल.

उलट ज्याच्या विहिरीला पाणी आणि हाताशी तुषार संच आहे, त्याचं झाड बघा. पाऊस आला नाही तर तो दोन संरक्षित पाणी देईल, त्याचा खर्च १,५०० रुपये धरू. त्याचं वाईट टोक ३४,५०० वर थांबतं, थांबण्याच्या दोन्ही टोकांच्या वर. त्याने आज पेरावं, यात शंकाच नाही. पण त्याची पेरणी बघून बांधाच्या अलीकडच्या कोरडवाहू शेतकऱ्याने पेरली, तर तो दुसऱ्याच्या झाडाचं उत्तर आपल्या रानात उतरवतोय. जूनमध्ये शिवारात एक ट्रॅक्टर फिरला की सगळे ट्रॅक्टर फिरतात. त्यातून पावसाबद्दल नवीन काहीच कळलेलं नसतं.

चार एकर असेल तर दोन एकर आज आणि दोन नंतर, हाही एक जाणता निर्णय आहे. सरासरी दोन्हींच्या मध्ये राहते आणि वाईट टोक एकराला २७,००० वर येतं. कुठलं रान आधी? ओल धरून ठेवणारं भारी. हलक्या, मुरमाड रानाची ओल चार उन्हांत उडून जाते, ते मागे ठेवायचं.

पेरलं, अर्धं उगवलं, अर्धं गेलं, अशी वेळ आली तर नवं झाड काढायचं, आणि ते आजच्या दिवसापासून. आधी घातलेलं बियाणं, दिलेलं भाडं यांचा आकडा त्यात येत नाही, कारण मोडा किंवा ठेवा, ते पैसे दोन्हीकडे गेलेलेच आहेत. ‘एवढा खर्च केलाय, मोडायचं कसं?’ हे मनाला लागतं, ते मी समजू शकतो. तरी विचारायचं ते एवढंच: नांग्या (न उगवलेल्या रिकाम्या जागा) भरून जे पीक येईल ते किती आणि मोडून पुन्हा पेरलं तर दुबारचा खर्च वजा जाता किती. विरळ पिकाचे ५ क्विंटल म्हणजे २२,५००. दुबारचे २४,७५०. पण दुबारलाही पावसाची फांदी आहेच, आणि जुलैचा मध्य ओलांडला की सोयाबीनची पेरणी करू नये असंच सांगतात. सव्वादोन हजारांच्या फरकासाठी तो धोका घ्यायचा का, हे कॅलेंडर बघूनच ठरेल.

पाऊस हातात नाही, बियाण्याची परीक्षा मात्र हातात आहे. घरच्या सोयाबीनची उगवण तपासायची रीत बऱ्याच जणांना माहीत असते: शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटावर ओळीने मांडायचे, वर दुसरं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि पाच-सहा दिवसांनी सशक्त कोंब मोजायचे. सत्तर आले तर एकरी ३० किलो बियाणं पुरतं. कमी आले तर त्या प्रमाणात वाढवायचं: साठ आले तर ३० गुणिले ७० भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. पाच किलो जादा बियाण्याचे पाचशे रुपये आज घालणं हे विरळ उगवणीपेक्षा कितीतरी स्वस्त.

शंभरच दाणे का? कारण दहा दाण्यांची चाचणी फसवते. पोत्यातलं बियाणं खरोखर सत्तर टक्क्यांचं असलं तरी दहा दाण्यांत कधी पाच उगवतील, कधी नऊ, आणि दोन्हींत नवल काही नाही. शंभर दाण्यांत हा झोल आवरतो. बहुतेक वेळा आकडा ६१ ते ७९ च्या मध्ये पडतो. तरीही एकदाच ६६ आले म्हणून बियाणं टाकून देऊ नका आणि एकदाच ७४ आले म्हणून निर्धास्त होऊ नका. पोत्याच्या वरचे, मधले आणि तळाचे दाणे घेऊन तीन गुंडाळ्या करा आणि सरासरी काढा. तीनशे दाण्यांवर आकडा साधारण पाच-साडेपाच टक्के इकडेतिकडे राहतो. तळाचे दाणे मुद्दाम घ्यायला सांगतो, कारण थप्पीखाली दबलेल्या आणि ओल लागलेल्या सोयाबीनची उगवण आधी जाते.

हेच झाड शहरातल्या घरातही लावता येतं. फ्रिज घेताना दुकानदार तीन हजारांत तीन वर्षांची वाढीव वॉरंटी देऊ करतो. मोठा बिघाड आठ हजारांचा धरला तर उंबरठा तीन हजार भागिले आठ हजार, ३७.५ टक्के. म्हणजे तीन वर्षांत दर आठ फ्रिजपैकी तीन मोठ्या खर्चाला येणार असतील तर वॉरंटी परवडेल. तुमच्या ओळखीच्या घरांत तसं होतं का, एवढं आठवून बघा. माझ्या मते इथे तीन हजार बँकेत बरे.

मग विमा का घ्यायचा? तिथेही हप्ता सरासरी नुकसानीपेक्षा जास्तच असतो, नाहीतर कंपनी चालेल कशी? या प्रश्नाचं सुंदर उत्तर स्विस गणितज्ञ डॅनिएल बर्नूलीने १७३८ मध्ये दिलं. सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याने ॲमस्टरडॅममध्ये माल घेतलाय, पोहोचला तर दहा हजार रुबलना विकला जाईल. शंभरात पाच जहाजं बुडतात. म्हणजे सरासरी नुकसान ५०० रुबल, पण विम्याचा हप्ता ८००. घ्यावा का? बर्नूली म्हणतो, ज्या व्यापाऱ्याकडे या मालाखेरीज ५,०४३ रुबलहून कमी मालमत्ता आहे त्याने घ्यावा. त्याहून श्रीमंत असेल तर त्याने जोखीम अंगावर घ्यावी. एकच जहाज, एकच समुद्र, एकच हप्ता, आणि तरी दोन माणसांची दोन बरोबर उत्तरं. कारण शेवटचे शंभर रुबल आणि लाखातले शंभर रुबल यांचं मोल सारखं नसतं. फ्रिजची वॉरंटी नाकारणारा माणूस आरोग्य विमा घेतो तेव्हा त्याच्या वागण्यात विसंगती नसते. आठ हजार तो सोसू शकतो. रुग्णालयाचं आठ लाखांचं बिल सोसू शकत नाही.

पीक विम्याचं झाड मात्र नीट काढायला हवं, कारण त्यात एक फांदी लपलेली असते. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळत होता. २०२५ च्या खरिपापासून पुन्हा विमा रकमेच्या २ टक्क्यांपर्यंत हप्ता आहे. हेक्टरी ५८,००० रुपये विमा रक्कम धरली तर १,१६०. एक रुपया असताना झाड काढायची गरज नव्हती, आता आहे.

लपलेली फांदी अशी: भरपाई तुमच्या रानाच्या उत्पादनावर ठरत नाही. महसूल मंडळात पीक कापणी प्रयोग होतात, त्यांतून निघालेलं सरासरी उत्पादन ठरलेल्या उंबरठ्याखाली गेलं तर भरपाई मिळते. म्हणून पहिला गोल मंडळाचा आणि दुसरा तुमच्या रानाचा. समजा पाच वर्षांत एकदा मंडळाचं पीक पडतं, २० टक्के. मंडळाचं पडलं तर तुमचंही पडण्याची शक्यता ८० टक्के. मंडळाचं नीट असताना फक्त तुमचं पडण्याची, ओढ्याकाठी पाणी साचून म्हणा, १० टक्के. गुणाकार करा: दोघांचंही पडलं, १६ टक्के. फक्त तुमचं पडलं, ८० गुणिले १०, म्हणजे ८ टक्के. तुमची वाईट वर्षं एकूण शंभरात चोवीस आणि त्यांतल्या आठांत विम्याचा रुपयाही नाही. तिनातलं एक वाईट वर्ष उघडंच राहतं. ज्याचं रान मंडळातल्या इतर रानांसारखंच आहे त्याचा हा वाटा कमी होईल. ज्याचं अगदी वेगळ्या जागी, चोपण (खारवट, पाणी न मुरणाऱ्या) जमिनीत किंवा ओढ्यालगत आहे, त्याचा वाढेल. हप्ता तरीही भरावा असं माझं मत आहे, कारण मंडळभर पीक जातं त्या वर्षी गावात उसनेही मिळत नाहीत, मजुरीही नाही. पण विमा आहे म्हणून दुबारचे पैसे राखून ठेवायचे सोडू नयेत.

उरलेल्या त्या उघड्या वर्षासाठी कोरडवाहू भागात जुनी तरतूद आहे: सोयाबीनच्या चार ओळींमागे तुरीच्या दोन. सोयाबीन ऑक्टोबरपर्यंत निघतं, तूर रानात डिसेंबर-जानेवारीपर्यंत राहते, तिची मुळं खोल जातात आणि परतीचा पाऊस तिच्या कामी येतो. झाडात ती सोयाबीनच्या प्रत्येक टोकापुढे एक नवा गोल होऊन येते. सोयाबीन पडलं त्या वर्षी तूरही पडण्याची शक्यता शून्य नसते, एकाच आभाळाखाली दोन्ही आहेत, निम्मी धरा. तरी चोवीसचे बारा होतात. सोयाबीनच्या ओळी कमी झाल्याने चांगल्या वर्षी दीड-दोन क्विंटल हातचे जातील, तेही टोकांवर लिहा, तुरीचा भाव घाला आणि मग बियाणं आणायला निघा.